कुकरात बसून गेलेली बॅटरी

“यावर कुणी विश्वास ठेवणार नाही,” उबाल्दो म्हणाला. “मी स्वतः त्या स्कूटरवर बसलेला नसतो, तर मीही ठेवला नसता.”

त्याची प्रत्येक गोष्ट अशीच सुरू व्हायची. हिबाऱ्यात, आमच्या या समुद्रकाठच्या गावात, हे वाक्य कानावर पडलं की माणसं हातातलं काम खाली ठेवतात आणि बायका चुलीवरच्या कॉफीकडे पाठ फिरवतात. पण आज ओस्मेलच्या ओसरीत कुणी खुर्ची पुढं ओढली नाही की कुणी कुणाला डोळा मारला नाही. आज ऐकणाऱ्यांत ती पोरगी होती, आणि अर्ध्या तासापूर्वी ती जे बोलली ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

तेव्हा अर्धा तास मागं गेलं पाहिजे.

समुद्राकडून पाऊस आला. आमच्याकडे तो पाहुण्यासारखा नाही येत, जप्ती आल्यासारखा येतो. कोंबडीनं पिल्लं पंखाखाली घ्यावीत तशी माणसं आपापल्या विजेच्या स्कूटरी मिळेल त्या ओसरीखाली घेऊ लागली. कुणी सीट उचलून बॅटरी काढली आणि ती पोटाशी धरून घरात पळाला. परक्या माणसाला वाटावं, आगीतून तान्हं बाळ वाचवून नेतोय. पेट्रोल महिनोन्‌महिने दिसत नाही, बस आली तर आली, वीज दिवसातून चार तास. त्या चार तासांत पोटभर जेवलेली बॅटरी भिजली तर माणसाचे पायच गेले.

ओस्मेलची ओसरी सगळ्यांत रुंद. ओस्मेल चाळिशीचा, गावातला एकमेव मेकॅनिक. तार, चिकटपट्टी आणि शिव्या एवढ्यावर तो काहीही चालू करतो. त्याच्या ओसरीत तेव्हा तीन स्कूटरी होत्या, शेंगदाणे विकणारी फेफा म्हातारी होती, तिनं पुड्या ओल्या होऊ नयेत म्हणून झग्याच्या आत भरून घेतल्या होत्या, आणि होता उबाल्दो. वय सहासष्ट, अख्खी नोकरी बर्फाच्या कारखान्यात गेलेली, म्हणून बोलणं मात्र गरम, असं तो स्वतःच सांगतो.

त्याची निळी स्कूटर नऊ वर्षांची, पण काल दुकानातून आणल्यासारखी. तिच्यावर तो न्हाणीघरातला जुना प्लास्टिकचा पडदा पांघरायचा. पडद्यावर पांढरे हंस. मागच्या हुकाला कायम एक लाल हेल्मेट टांगलेलं. ते त्याचं नव्हतं. ते कुणाच्या डोक्यावर पाहिलेलं कुणाला आठवत नव्हतं, आणि त्याविषयी विचारायचं नसतं एवढं गावाला ठाऊक होतं.

तेवढ्यात चपला हातात घेऊन, नखशिखान्त भिजलेली एक पोरगी ओसरीत चढली आणि सवयीनं म्हणाली, “शेवटचं कोण?”

आम्ही रांगेत उभं राहत नाही. रांग ही डोक्यात असते. पाव असो, दवाखाना असो, नाहीतर बस. आलेला माणूस मोठ्यानं विचारतो, शेवटचं कोण, आणि जो शेवटचा असेल तो हात वर करतो. झालं. मग तू शेवटचा, आणि पुढचा येऊन विचारेपर्यंत तुला ते पद सोडता येत नाही. सावलीत बस, झोप काढ, भांडण कर, पण कुणी विचारलं की हात वर झाला पाहिजे.

उबाल्दोनं हात वर केला. “मी. पण पोरी, तुझ्याकडे तर स्कूटरच नाही. ओस्मेल पाय दुरुस्त करत नाही.”

“केलाय की एकदा,” फेफा म्हणाली. “माझ्या गुडघ्याला ग्रीस लावलं मेल्यानं.”

“आणि आजी त्यानंतर नाचायला गेली,” ओस्मेल म्हणाला.

पोरगी हसली नाही. “मला स्कूटर दाखवायची नाही. मला तुम्हीच हवे होतात, काका. मी यूरिसेल. मिग्दालियाची भाची.”

उबाल्दोचा हात वरच राहिला. फेफानं तो दोन्ही हातांनी धरून खाली आणला.

“ती... कशी आहे?”

“परवा आलीय. किनाऱ्याच्या रस्त्यावर, हिरव्या दाराच्या घरात, चुलतबहिणीकडे. उद्या सकाळी परत हवानाला.”

तीन गल्ल्या. उबाल्दोनं ओस्मेलकडे पाहिलं. ओस्मेल पान्याकडे पाहू लागला. मग उबाल्दोनं फेफाकडे पाहिलं. फेफानं झग्यातून एक पुडी काढून त्याच्या हातात कोंबली. म्हणजे अख्ख्या गावाला माहीत होतं.

“आत्यानं एकच गोष्ट विचारायला पाठवलंय,” यूरिसेल म्हणाली. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं ती म्हणत होती. “त्या दिवशी तुम्ही ओल्गीनला का आला नाहीत? ती म्हणाली, खरं सांगितलं तर त्यांना सोबत घेऊन ये. मग ते खरं कितीही वाईट असो. आणि गोष्ट सांगितली, तर तिथंच सोडून ये.”

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला.

“म्हातारबा,” ओस्मेल म्हणाला, “सोपं आहे. आयुष्यात एकदा खरं बोला. सवय नाही, दात पडतील, पडू द्या. मी तारेनं बसवून देतो.”

आता ‘तो दिवस’ म्हणजे काय ते.

आठ वर्षांपूर्वी स्कूटर नवीन होती आणि मिग्दालिया घरात होती. घरात दोन डोलखुर्च्या, समोरासमोर. स्कूटर आली ती दोन्ही खुर्च्यांच्या मधे उभी राहिली. मिग्दालियाला नवऱ्याचं तोंड बघायचं तर मान वाकडी करावी लागायची. आधी ती हसायची. पाऊस आला की उबाल्दो बॅटरी पलंगावर, तिच्या बाजूला ठेवायचा, कारण तिथं छत गळत नव्हतं. तेव्हाही ती हसायची. “सरक गं सवती,” म्हणायची बॅटरीला.

मग निरोधाचं प्रकरण झालं. तारेच्या जोडाला पाणी लागू नये म्हणून त्यावर निरोध ताणून चढवायचा ही ओस्मेलची विद्या. आमच्याकडे फुगा म्हणून, गळाला तरंगतं म्हणून, केस बांधायला म्हणून, जिथं रबर लागतं तिथं तेच वापरतात. उबाल्दो औषधांच्या दुकानात गेला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी एकदम तीस मागितले. तो दोन गल्ल्या चालत घरी पोचेपर्यंत बातमी चार गल्ल्या फिरून मिग्दालियाकडे बसून कॉफी पीत होती.

“तीस?” मिग्दालियानं विचारलं.

“स्कूटरसाठी,” तो अभिमानानं म्हणाला.

दुसरी कुणी बाई असती तर तिला हे ऐकून बरं वाटलं असतं. मिग्दालियाला वाटलं नाही. त्याच आठवड्यात ती पावाच्या रांगेतून चिंब भिजून आली. दारात उबाल्दो होता. त्यानं तिच्या हातातली छत्री घेतली आणि स्कूटरच्या चाकावर धरली, कारण दारातून झड येत होती. झालं एवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं बॅग भरली.

“बॅटरी आत आणि मी बाहेर,” ती म्हणाली. “उद्या मी ओल्गीनच्या स्थानकावर असेन, हवानाच्या गाडीच्या रांगेत. पाऊस सांगितलाय उद्या. त्या पावसात, त्या स्कूटरवर बसून मला न्यायला आलास, तर मी मागं बसून परत येईन. एक शब्द बोलणार नाही. नाही आलास, तर दोन्ही खुर्च्या तुझ्या.”

लाल हेल्मेट उबाल्दोनं त्याच दिवशी संध्याकाळी आणलं.

तिची खुर्ची आठ वर्षं रिकामी नव्हती म्हणा. तिच्यात तो चार्जिंगला लावलेली बॅटरी ठेवायचा. वीज आली की समोरच्या खुर्चीत एक हिरवा ठिपका उजळायचा, आणि तो त्या ठिपक्याला दिवसभराचं सांगत बसायचा. वीज गेली की ठिपका जायचा. मग तो वाक्य अर्धवट सोडायचा.

तर यूरिसेलनं विचारलं, आणि उबाल्दोनं तोंड उघडलं. त्याच्या तोंडात खरं तयार होतं. पण ते खरं फार लहान होतं. मुठीत मावेल एवढं, आणि मूठ उघडायची लाज वाटावी असं. आठ वर्षं त्यानं बागेतल्या बाकावर, न्हाव्याकडे, मासे साफ करताना त्या दिवसाची गोष्ट सांगितली होती, दर खेपेला थोडी वाढवून. खऱ्यालाही लाजवेल एवढी ती गोष्ट आता थोर झाली होती. जीभ आपोआप त्या वाटेला लागली. “यावर कुणी विश्वास ठेवणार नाही,” तो म्हणाला.

“काका,” यूरिसेल हळूच म्हणाली, “विचार करून.”

“विचार काय करायचा? मी आलो होतो.”

ती बसली. आडव्या ठेवलेल्या टायरवर. तिचा चेहरा असा झाला की ओस्मेलनं पाना खाली ठेवला. तिलाही ते हवंच होतं. आत्याला नेऊन द्यायला याहून चांगलं काय असणार होतं?

“सकाळी साडेदहाला निघालो,” उबाल्दो म्हणाला. “जोडांवर निरोध, चार्जिंगच्या भोकात मेणाचं बूच, बॅटरीला तीन नायलॉनच्या पिशव्या. मागच्या हुकाला हे हेल्मेट. पाऊस असा, की हात पुढं केला तर हात ओल्गीनला पोचायचा आणि मी मागं. ब्रेक पुढचा दाबायचा नाही, मागचा हळू, पांढऱ्या पट्ट्यांवर चाक घालायचं नाही, खड्डा दिसत नाही म्हणून पुढच्या ट्रकच्या चाकोरीतून जायचं. कबरस्तान ओलांडलं. पुढं रस्ता खोलगट होतो, ठाऊक आहे ना?”

“तिथं गुडघाभर साचतं,” ओस्मेल म्हणाला.

“त्या दिवशी साचलेलं नव्हतं, वाहत होतं. चाकाच्या मध्यापर्यंत. पाऊल ठेवायची फळी दिसेना. आणि त्या फळीखालीच हिचा मेंदू.”

इथवरचं सगळं खरं होतं. शब्द न्‌ शब्द. यापुढचं खरं असं, की तिथं तो उतरला, हंसांचा पडदा स्कूटरवर घातला, आणि पडद्याची टोकं दोन्ही हातांनी धरून स्वतः तासभर पावसात उभा राहिला. पाणी उतरेल म्हणून. पाणी चढलं. मग त्यानं स्कूटर वळवली आणि ढकलत घरी आणली. फडक्यानं पुसली. मिग्दालियाच्या केस वाळवायच्या यंत्रानं वाळवली, कारण नेमकी तेव्हाच वीज होती. ते यंत्र ती विसरून गेली होती, का ठेवून गेली होती, हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं.

पण हे सांगायला सुरुवात करायची तर तोंडात आधी गोष्ट येऊन बसलेली.

“मग मी काय केलं? पिशवीतून मिग्दालियाचा कुकर काढला.”

“कुकर कशाला नेलेला?” फेफानं विचारलं.

“तिला परत द्यायला. बाई कुकराशिवाय हवानाला जाते म्हणजे काय! बॅटरी कुकरात ठेवली, रबरी कडी घातली, झाकण आवळलं, आणि कुकर डोक्यावर बांधला. आता येऊ दे म्हटलं पाणी.”

“बॅटरी कुकरात कशी मावली?” ओस्मेलनं विचारलं. “पंचवीस किलोची आहे.”

“तेव्हा कुकर मोठे यायचे.”

यूरिसेलच्या ओठाचा एक कोपरा हलला. उबाल्दोनं तो पाहिला, आणि मग त्याला कोण आवरणार!

“पाणी छातीला लागलं. स्कूटर पाण्याखाली, मी हॅन्डल धरून. आणि तेवढ्यात पायाखाली खडखड. बघतो तर खेकडे! डोंगरातले लाल खेकडे, पाऊस पडला की निघतात ते. एक नाही, लाख. त्यांनी स्कूटर पाठीवर उचलली.”

“खेकडे समुद्राकडे जातात, ओल्गीनकडे नाही,” फेफा म्हणाली. “जन्मभर बघतेय.”

“हे अंडी घालून परत निघालेले. तू शेंगदाणे विक. तर खेकड्यांनी उचलली, आणि खेकडा चालतो कसा? आडवा. त्यामुळे मीही आडवाच निघालो. पस्तीस किलोमीटर माझं तोंड आपल्या खोगिरासारख्या डोंगराकडे. ओल्गीन कधी आलं ते मला दिसलंच नाही, ते उजव्या कानाला येऊन लागलं.”

यूरिसेल हसली. मोठ्यानं, तोंडावर ओला हात घेऊन, आणि हसताना मान वाकडी केली. मधे स्कूटर असल्यासारखी. हे हसणं या घराण्याचं होतं. ते उबाल्दोनं आठ वर्षं ऐकलेलं नव्हतं.

“वाटेत वीज पडली,” तो म्हणाला, जरा घाईनं, हसणं थांबू नये म्हणून. “सरळ कुकराच्या शिट्टीवर. तीन शिट्ट्या झाल्या. झाकण उघडून बघतो तर बॅटरी शिजलेली नाही, भरलेली! काठोकाठ. खेकड्यांना म्हटलं, ठेवा आता खाली, देव तुमचं भलं करो. आणि स्कूटर अशी सुटली, की किल्ली खिशातच होती.”

“आणि स्थानक?” यूरिसेलनं विचारलं. ती पुढं झुकली होती. हसू अजून तिच्या तोंडावर होतं, पण डोळे थांबले होते. “स्थानकावर काय झालं, काका? खेकडे असू देत. वीज असू दे. तेवढं एक खरं सांगा. तुम्ही आत आलात?”

ही जागा होती. इथं थांबता आलं असतं. कुकर, खेकडे, वीज हे सगळं गंमत म्हणून पुसून टाकून, “नाही, पोरी, कबरस्तानाशीच थांबलो,” एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. तीन गल्ल्यांवर हिरवं दार होतं. उबाल्दोनं हुकावरचं लाल हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. आतलं अस्तर अजून नवं, फुगीर. त्यात कुणाच्या डोक्याचा आकार बसलेला नव्हता.

पण ती चार शब्दांची गोष्ट ऐकून मिग्दालियाचा चेहरा कसा होईल ते त्याला माहीत होतं; तो चेहरा त्यानं दारात, हातात छत्री असताना पाहिलेला होता. आणि दुसऱ्या गोष्टीत त्यांची नुसती थोडक्यात चुकामूक झालेली होती. थोडक्यात चुकामूक झालेल्या माणसावर कुणी रागावत नाही.

“आलो,” तो म्हणाला. आवाज खाली गेला, आणि तो मुद्दाम नेलेला नव्हता. “दोन वाजून गेले होते. अंगातून पाणी निथळतंय, हातात हे हेल्मेट. आत ही माणसं, पोती, कोंबड्या, रडणारी पोरं. ती कुठं दिसेना. माणूस काय करतो? मी दारातच उभा राहिलो आणि ओरडलो, ‘शेवटचं कोण?’”

फेफानं मान डोलावली. कुणीही हेच केलं असतं.

“खांबाशी एक टोपीवाला म्हातारा बसला होता. त्यानं हात वर केला. ‘मी,’ म्हणाला. मी त्याला विचारलं, ‘बाबा, एक बाई, हिरवी बॅग, केस वर बांधलेले, बोलताना मान वाकडी करते?’ तो म्हणाला, ‘ती होय? दोनच्या गाडीनं गेली. आत्ताच. दाराकडे बघत बघत चढली.’ मी बाहेर पळालो. गाडीचे मागचे दोन लाल दिवे दिसले. पावसात. मग तेही...”

फेफानं झग्याच्या टोकानं डोळे पुसले आणि दोन पुड्या खाली पडल्या. ओस्मेल, ज्यानं ही गोष्ट निदान वीसदा ऐकली होती, तोही पावसाकडे बघत राहिला. टोपीवाला म्हातारा आणि हिरवी बॅग आजच आली होती. आजवर गोष्ट नेहमी विजेशीच संपायची. उबाल्दोला स्वतःलाच ते दोन लाल दिवे इतके स्वच्छ दिसले, की आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण गेलो होतो.

त्यानं हेल्मेट यूरिसेलपुढं धरलं. “हे तिला दे. नको, थांब, मीच येतो.” तो उठला. हंसांच्या पडद्याचं एक टोक त्यानं उचललं. बाहेर पाऊस तसाच कोसळत होता. त्यानं आभाळाकडे पाहिलं, आणि टोक हातात तसंच राहिलं.

यूरिसेल टायरवरून उठली नव्हती.

“परत सांगा,” ती म्हणाली. “हात कुणी वर केला?”

“टोपीवाल्या म्हाताऱ्यानं. खांबाशी बसलेल्या.”

“तुम्ही विचारलंत, शेवटचं कोण, आणि तो म्हणाला, मी.”

“हो.”

“आत्या सकाळी अकराला तिथं पोचली,” यूरिसेल म्हणाली. ती आता पाठ केलेलं बोलत नव्हती. “पुढचा माणूस आला, त्यानं विचारलं, शेवटचं कोण? ती म्हणाली, मी, पण तुम्ही माझ्यापुढं व्हा. त्यापुढचा आला, त्यालाही म्हणाली, तुम्ही पुढं व्हा. दोनची गाडी गेली. सहाची गेली. रात्रीची गेली. येईल त्याला ती पुढं घालत राहिली. लोकांना वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. पण तिचं ठरलेलं होतं. तुम्ही दारातून आत याल, भिजलेले, आणि सवयीनं आधी तेच ओरडाल. तेव्हा हात तिचा वर व्हायला हवा होता.”

यूरिसेल टायरवरून उठली आणि चपला हातात घेतल्या.

“त्या दिवशी ओल्गीनला शेवटचं दुसरं कुणी नव्हतंच, काका. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत शेवटची तीच होती.”